राखाडी रंगाची परीक्षा

'ल सामुराई' हा फ्रेंच चित्रपट सुरू होतो तेव्हा पडद्यावर एक अंधारी खोली असते. समोर दोन खिडक्या, मध्ये पाखराचा पिंजरा आणि उजवीकडे पलंग. पलंगावर कुणी पडलंय हे चटकन लक्षातच येत नाही. सिगारेटच्या धुराची एक रेघ वर चढते, मग नजर खाली जाते आणि मग माणूस दिसतो. बाहेरून ओल्या रस्त्यावरच्या गाड्यांची सळसळ येते, आत पाखराचा एकसुरी आवाज. पहिला संवाद ऐकू यायला जवळपास दहा मिनिटं लागतात.

हेच दृश्य खराब डिस्कवर बघितलं तर काय होतं? धुराची रेघ चौकोनी ठोकळ्यांत फुटते. भिंतीवर नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे पट्टे उमटतात. पलंगावरचा माणूस एक तर काळ्यात पूर्ण गडप होतो, नाहीतर काळं इतकं पांढुरकं झालेलं असतं की तो पहिल्याच क्षणी दिसतो. दोन्हीकडे दृश्य मेलं, कारण त्याचं उशिरा दिसणं हेच त्या दृश्यात घडत असतं. पाठलाग, गोळीबार आणि खटकेबाज संवादांवर चालणारा चित्रपट वाईट प्रतीतही निभावतो. झाँ-पिएर मेलव्हिलचा हा चित्रपट राखाडी रंग, अंधार आणि शांतता या तिघांवर उभा आहे, आणि साठवणुकीत, दाबणुकीत (चित्र कमी जागेत बसवताना) सगळ्यात आधी याच तीन गोष्टी बिघडतात. म्हणून घरी बघायच्या प्रतीचा दर्जा ही इथे शौकाची बाब राहत नाही.

चित्रपट १९६७चा. मेलव्हिल आणि छायालेखक आँरी दकाए यांनी रंगीत फिल्मवर जवळजवळ कृष्णधवल चित्रपट काढायचं ठरवलं होतं. भाडोत्री मारेकरी जेफ कोस्तेलोच्या (ही भूमिका आलाँ द्लाँची) खोलीत रंग म्हणावा असं काही नाही: करड्या भिंती, फिकट रेनकोट, राखी फेल्ट हॅट. पिंजऱ्यातलं पाखरूसुद्धा बुलफिंचची मादी. या जातीतल्या नराची छाती ठळक लालसर असते, मादीची मळकट करडी-तपकिरी. चित्रीकरण चालू असतानाच २९ जून १९६७ला पॅरिसमधल्या र्‍यू जेनेरवरच्या मेलव्हिलच्या स्वतःच्या स्टुडिओला आग लागली आणि हे पाखरू त्यात गेलं.

रंग इतके कमी ठेवल्याचा एक तोटा असतो. भडक चित्रपटात पाच टक्के पिवळेपणा आला तर तो लाल-निळ्यात लपून जातो. करड्या भिंतीवर तो लगेच दिसतो, कारण करडा म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही सारखे. एकाने जरी पाऊल चुकवलं तरी भिंत हिरवट, निळसर किंवा शेवाळी होते. आणि हे पाऊल चुकण्याच्या जागा निगेटिव्हपासून तुमच्या टीव्हीपर्यंत जागोजागी आहेत.

पहिली जागा फिल्मचीच. १९८०च्या आधीच्या ईस्टमनकलर प्रिंटमधला निळसर-हिरवा रंगद्रव्याचा थर सगळ्यात आधी विटतो आणि मागे गुलाबी-लाल उरतो. त्या काळच्या हिंदी-मराठी रंगीत चित्रपटांच्या जुन्या प्रिंट बघितलेल्यांना हा लालसरपणा ओळखीचा असेल. निगेटिव्हही विटतं, पण थंड आणि कोरड्या जागी ठेवलं तर खूप हळू. म्हणून डिस्कसाठी स्कॅन कशावरून केलं, हा पहिला प्रश्न. कॅमेऱ्यातलं मूळ निगेटिव्ह, त्यावरून काढलेलं इंटरपॉझिटिव्ह, त्यावरून डुप्लिकेट निगेटिव्ह आणि शेवटी थिएटरची प्रिंट, अशी ही उतरंड आहे. प्रत्येक पायरीवर ग्रेन, म्हणजे फिल्मवरची कणीदार रवाळ, वाढतो, बारीक तपशील जातो आणि सावल्यांमधले टप्पे एकमेकांत मिसळतात. डीव्हीडीच्या काळात बरेच मास्टर (डिस्क ज्यावरून बनते ती प्रत) इंटरपॉझिटिव्हवरून किंवा थेट प्रिंटवरून निघत. रेनकोटच्या घड्या नीट दिसतात पण खोलीचे कोपरे सपाट काळे आहेत, असं असेल तर बहुतेक वेळा दोष डिस्कचा नसतो, त्याच्या दोन-तीन पिढ्या आधीचा असतो.

मूळ निगेटिव्ह हाती आलं तरी काम पुष्कळ असतं. जुने जोड तपासायचे, फाटलेली छिद्रं दुरुस्त करायची, अल्ट्रासॉनिक यंत्रात धुवायचं. मग वेट-गेट स्कॅन: फिल्म आणि भिंग यांच्यामध्ये असा द्रव ठेवतात की प्रकाश त्यातून आणि फिल्मच्या पायातून (रंगाचे थर ज्यावर असतात त्या पारदर्शक पट्टीतून) जवळजवळ सारखाच वळतो, त्यामुळे पायावरचे बारीक ओरखडे भरून निघून दिसेनासे होतात. रंगाच्या थरापर्यंत खोल गेलेला ओरखडा याने जात नाही, तो चौकटीगणिक हाताने काढावा लागतो. त्यानंतर हलणारं चित्र स्थिर करतात. इथे या चित्रपटात एक धोका आहे. पहिल्या शॉटच्या शेवटी मेलव्हिलने कॅमेरा मागे नेता नेता झूम केलं आहे, तेही अडखळत, थांबत थांबत, त्यामुळे खोलीच डळमळल्यासारखी वाटते. स्थिरीकरण करणारं सॉफ्टवेअर याला दोष समजू शकतं. करणाऱ्याला चित्रपट माहीत असावा लागतो तो अशा ठिकाणी.

जुने-जाणते चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन कंपनीने अमेरिकेत हा चित्रपट २००५मध्ये डीव्हीडीवर आणि २०१७मध्ये ब्लू-रेवर काढला. २०२४मध्ये पाथे या फ्रेंच चित्रपट कंपनीबरोबर केलेल्या नव्या फोर-के जीर्णोद्धारावरून फोर-के डिस्क आली. या तिन्हींमध्ये फक्त पिक्सेल वाढत गेले असं समजू नका. डीव्हीडीचं चित्र अमेरिकी पद्धतीत ७२० बाय ४८०, युरोपी पद्धतीत ७२० बाय ५७६. ब्लू-रेचं १९२० बाय १०८०, फोर-केचं ३८४० बाय २१६०. पण या चित्रपटासाठी पिक्सेलपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे राखाडीचे टप्पे किती.

डीव्हीडी आणि ब्लू-रे दोन्ही आठ बिटांच्या, म्हणजे उजेडाचा प्रत्येक टप्पा आठ बिटांत नोंदवणाऱ्या. त्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २१९ पायऱ्या असतात. जेफच्या खोलीची अंधारी भिंत या पूर्ण पट्ट्यातला समजा दहावा भाग वापरते, म्हणजे साधारण २२ पायऱ्या. पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भिंत हळूहळू उजळत असेल तर १९२० पिक्सेल भागिले २२, म्हणजे एकेक पट्टा ८७ पिक्सेल रुंद. तो डोळ्याला दिसतो. दहा बिटांत त्याच जागेत ८८ टप्पे मिळतात आणि पट्टा २२ पिक्सेलवर येतो. एचडीआरमध्ये (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणाऱ्या नव्या पद्धतीत) उजेडाची मोजपट्टी वेगळी असल्याने हिशेब तंतोतंत हाच राहत नाही, पण फायदा तिथेही अंधारातच जास्त जाणवतो.

मग चांगल्या ब्लू-रेवर हे पट्टे का दिसत नाहीत? ग्रेनमुळे. फिल्मचा ग्रेन सतत हलत असतो, त्यामुळे शेजारच्या दोन टप्प्यांमधली सीमा पुसट होते आणि डोळ्याला सलग उतार दिसतो. ग्रेन म्हणजे मळ, तो काढला की चित्र स्वच्छ होतं, ही समजूत इथे सगळ्यात जास्त नुकसान करते. नॉइज रिडक्शन जोरात लावलं की ग्रेन जातो, त्यासोबत रेनकोटच्या कापडाचं विणकाम जातं, द्लाँच्या चेहऱ्याची त्वचा मेणासारखी होते आणि ग्रेनखाली झाकलेले पट्टे भिंतीवर उघडे पडतात. एवढ्यावर थांबत नाहीत. मऊ पडलेलं चित्र टोकदार दिसावं म्हणून वर कडा उठवतात. हे ओळखायची सोपी जागा म्हणजे जेफची हॅट. आरशासमोर तो हॅटच्या कडेवरून बोट फिरवतो तिथे चित्र थांबवा. गडद कडेच्या बाहेर फिकट भिंतीवर पांढरी बारीक रेघ दिसली तर ती भिंगाची नाही, सॉफ्टवेअरने काढलेली आहे.

ग्रेन राखायचा तर जागा लागते. चित्रपट १०५ मिनिटांचा, म्हणजे ६३०० सेकंद. एका थराच्या ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर आवाजासकट सेकंदाला फार तर ६ मेगाबिट वाट्याला येतात, दोन थरांच्या ८.५ जीबीच्या डीव्हीडीवर हिशेबाने पावणेअकरा, पण डीव्हीडीची मर्यादाच दहाच्या आसपास आहे. २५ जीबीच्या ब्लू-रेवर साधारण ३२ मिळतात, आणि मुलाखती-माहितीपट घातले की तेही कमी होतात. ५० जीबीच्या डिस्कवरही ब्लू-रेची चित्रासाठीची ४० मेगाबिटांची कमाल मर्यादाच आधी आडवी येते, जागा उरते. ६६ जीबीच्या फोर-के डिस्कवर ८०च्या वर. स्ट्रीमिंगवर फोर-केला बहुधा १५ ते २५च्या आसपास मिळतात. म्हणून चांगली ५० जीबीची ब्लू-रे स्ट्रीमिंगच्या फोर-केपेक्षा या चित्रपटात सरस ठरते, निदान पहिल्या दृश्यात तरी नक्कीच.

सेकंदाला मिळणारे बिट कमी पडल्याची एक खूण फार कमी जण पाहतात. दाबणुकीत ठरावीक अंतराने एक पूर्ण चौकट साठवतात आणि मधल्या चौकटींत फक्त फरक. कमी बिटांत मधल्या चौकटींतला ग्रेन विरघळतो आणि पूर्ण चौकट आली की एकदम परत उमटतो. स्थिर भिंत मग दर अर्ध्या-एक सेकंदाला ठोका पडल्यासारखी हलते. पहिल्या शॉटमध्ये माणसाकडे न बघता खिडकीच्या डावीकडच्या भिंतीकडे दहा सेकंद बघा. ठोका दिसला तर त्या प्रतीत पुढे काय असणार हे कळलं.

रंग तपासायला पांढऱ्या वस्तू शोधाव्यात, आणि मेलव्हिलने त्या भरपूर ठेवल्या आहेत. खुनाच्या वेळी जेफ पांढरे हातमोजे घालतो. हाताला गोळी लागल्यावर तो खोलीत बसून स्वतःच पट्टी बांधतो, तिथे पांढरं कापड आहे आणि चित्रपटातला दुर्मीळ लाल रंगही. नाइटक्लबमध्ये उजळ भिंती आणि काच आहे. ही सगळी दृश्यं वेगवेगळ्या उजेडातली आहेत, त्यामुळे पांढरं थोडं वेगवेगळं दिसणारच, आणि दिसायलाच हवं. क्लबमध्ये उबदार, खोलीत थंड. पण हातमोजे, पट्टी आणि शर्टांच्या कॉलरी सगळीकडे एकाच छटेने पिवळट किंवा हिरवट दिसल्या तर तो दकाएचा उजेड नाही, रंग जुळवणाऱ्याने सगळ्या चित्रपटावर ओतलेली छटा आहे. गेल्या पंधरा वर्षांतल्या बऱ्याच युरोपी जीर्णोद्धारांवर हा आरोप झालेला आहे आणि माझ्या मते अनेकदा तो रास्त आहे. रंग जुळवताना त्या काळची चांगली प्रिंट किंवा छायालेखकाची साक्ष हवी. दकाए १९८७मध्ये गेले, मेलव्हिल १९७३मध्येच. साक्षीदार नसतात तेव्हा जुळवणाऱ्याची स्वतःची आवड पुढे येते. म्हणून नवी प्रत म्हणजे खरी प्रत असं मानू नये. जुनी आणि नवी अशा दोन्ही डिस्क एकाच टीव्हीवर, एकाच सेटिंगमध्ये लावून हातमोज्यांची चौकट शेजारी शेजारी पाहावी.

फ्रान्स किंवा इंग्लंडची जुनी डीव्हीडी घेणार असाल तर वेगाचा प्रश्न आहे. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, युरोपी टीव्ही २५चा. सोपा मार्ग म्हणून २४ चौकटी २५च्या वेगाने पळवत. चार टक्के वेग वाढतो, १०५ मिनिटांचा चित्रपट १०० मिनिटं ४८ सेकंदांत संपतो आणि आवाज जवळजवळ पाऊण सेमीटोन वर चढतो. फ्रान्स्वा द रूबेचं ऑर्गनचं संगीत ज्याच्या कानात आहे त्याला ते कळतंच. पण वाईट याहून वेगळं आहे: सुरुवातीची ती बिनसंवादाची दहा मिनिटं २४ सेकंदांनी आखूड होतात. चोरायच्या सित्रोएन गाडीत बसून जेफ जुडग्यातली एकेक किल्ली लावून बघतो, ते बघताना येणारा ताण वेळेचाच तर आहे. अमेरिकी डीव्हीडीत वेग बरोबर असतो, पण २४ चौकटी ६० फील्डमध्ये (टीव्हीवर आळीपाळीने येणाऱ्या अर्ध्या चौकटींत) बसवताना एक चौकट दोनदा, पुढची तीनदा अशी दाखवली जाते आणि कॅमेरा आडवा फिरला की अडखळ जाणवते. सगळ्यात टाळण्यासारख्या त्या प्रती, ज्या युरोपी मास्टरवरून अमेरिकी पद्धतीत बदललेल्या असतात. रेल्वेच्या पुलावरच्या झटापटीत चित्र थांबवा. एकाच माणसाची भुतासारखी दुहेरी प्रतिमा दिसली तर ती प्रत ठेवू नका. ब्लू-रे आणि फोर-केवर हा प्रश्न सहसा नसतो, फक्त प्लेअरमध्ये २४ चौकटींचं आउटपुट चालू ठेवायला हवं.

आवाज एका वाहिनीचा आहे आणि तसाच हवा. पाच वाहिन्यांचं नवं मिश्रण कुठे मिळालं तरी त्याच्या नादी लागू नये. जुन्या मोनो साउंडट्रॅकमध्ये थोडी सळसळ असते. ती काढायला गेलं की पाऊस, खोलीची हवा आणि गाड्यांचा लांबचा आवाज हेही त्याच पट्टीत असल्याने सोबत जातात. हेडफोन लावून पाखराचं ओरडणं ऐका. दोन आवाजांच्या मध्ये सळसळ एकदम तुटून मुकी शांतता येत असेल आणि पुढच्या आवाजाबरोबर सळसळ परत येत असेल, तर तिथे यंत्राने दार उघड-बंद केलेलं आहे. पुढे पोलीस खोलीत चोरून मायक्रोफोन लावतात आणि पाखराच्या वागण्यावरून जेफला संशय येतो. त्या ठिकाणी खोलीचा आवाज प्रेक्षकाला आधीपासून ओळखीचा झालेला असावा लागतो. तो पुसला असेल तर प्रसंगाचा अर्धा अर्थ जातो. २०१७च्या ब्लू-रेवर मोनो आवाज न दाबता ठेवलेला आहे, डीव्हीडीवर तो डॉल्बी डिजिटलमध्ये दाबलेला होता. हेडफोनवर हा फरक चित्रातल्या फरकाइतकाच मोठा वाटतो.

आता टीव्ही. उत्तम डिस्क आणली आणि टीव्ही दुकानातून आला तसाच ठेवला तर सगळं पाण्यात. चित्राचा मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर ठेवा. रंगतापमान 'वॉर्म'च्या सगळ्यात उबदार पायरीवर घ्या, नाहीतर जेफच्या भिंती निळ्या दिसतील. चौकटींच्या मध्ये नव्या चौकटी भरणारं स्मूदनिंग बंद, नॉइज रिडक्शन बंद, शार्पनेस तटस्थ: काही कंपन्यांत तो शून्यावर असतो, काहींत ५०वर, तेव्हा माहितीपत्रक बघा. चित्राच्या कडा कापणारा ओव्हरस्कॅन बंद हवा. क्रायटेरियनच्या प्रतींत चित्राचं प्रमाण १.८५ आहे, म्हणजे १०८० ओळींपैकी चित्राला साधारण १०३८ आणि वर-खाली एकवीस-एकवीस ओळींच्या बारीक काळ्या पट्ट्या. त्या दिसत नसतील तर टीव्ही चित्र कापतोय. प्लेअर आणि टीव्हीची एचडीएमआय रेंज जुळवा: एक 'लिमिटेड' आणि दुसरा 'फुल' असला की अंधार एक तर दुधाळ होतो, नाहीतर पलंगावरचा माणूस गायब होतो. खराब डिस्कच्या बऱ्याच तक्रारी मुळात या एका सेटिंगच्या असतात.

एचडीआरबद्दल थोडं सांभाळून. थिएटरमधल्या पडद्याचा पांढरा जेमतेम ४८ निट्सचा (निट हे उजेड मोजायचं एकक) असतो, त्यामुळे १९६७च्या चित्रपटाला हजार निट्सची गरज नाही. एचडीआरचा खरा फायदा अंधारातल्या टप्प्यांचा. स्वस्त टीव्हीची उजेडाची ताकद कमी असते, काळं खोल जात नाही, आणि एचडीआर आपल्या मर्यादेत बसवताना तो सगळं चित्रच काळवंडून टाकतो. अशा टीव्हीवर साधी ब्लू-रे जास्त चांगली दिसते. एचडीआरमध्ये इंग्रजी सबटायटलही डोळ्यात घुसतील इतकी पांढरी दिसू शकतात. काही प्लेअरमध्ये त्यांचा उजेड कमी करता येतो, तो जरूर करावा.

भारतात बसून मागवणाऱ्यांसाठी विभागांचं गणित असं. डीव्हीडीसाठी भारत विभाग ५, अमेरिका १, फ्रान्स २. ब्लू-रेसाठी भारत सी, अमेरिका ए, युरोप बी. क्रायटेरियनची अमेरिकी ब्लू-रे इथल्या साध्या प्लेअरवर चालेल असं गृहीत धरू नका. फोर-के डिस्कला विभागाचं कुलूप नसतं, पण त्याच खोक्यातल्या दुसऱ्या ब्लू-रेला असू शकतं, आणि मुलाखती बहुधा तिच्यावरच असतात. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचा विभाग फक्त पाच वेळा बदलता येतो, पाचवा कायमचा, म्हणून तिथे प्रयोग नकोत. फ्रेंच प्रत घेताना मागच्या बाजूला 'सू-तित्र' (सबटायटल) या शब्दापुढे कोणत्या भाषा छापल्या आहेत ते आधी वाचा. फ्रान्समधल्या प्रतींवर इंग्रजी सबटायटल नसणं नेहमीचं आहे. फक्त चित्रपट बघायचा असेल आणि टीव्ही बरा असेल तर फोर-के डिस्क पुरते. टीव्ही साधा असेल तर सर्व विभागांचा प्लेअर आणि २०१७ची ब्लू-रे घ्यावी, आणि पहिली दहा मिनिटं दिवे घालवूनच बघावीत, कारण दिव्याचं प्रतिबिंब पडद्यावर पडलं की वर सांगितलेल्या टप्प्यांपैकी खालचे बरेच दिसतच नाहीत.